स्वयंदत्त वारसा : अर्वाचीन मिसरी कलेच्या वंशावळीचा विचार

अर्वाचीन मिसर देशांतील चित्रकला व मूर्तिकला यांचा वृत्तांत लिहिणारे लेखक बहुधा एकाच विधानापासून आरंभ करितात. तें असें कीं, फेरो राजांची सत्ता लयास गेल्यावर त्या देशाची कला दोन हजार वर्षें निद्रिस्त होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ती जागी झाली. हें विधान ऐकावयास गोड आहे, देशाभिमानास पोषक आहे, आणि वारंवार उच्चारल्यामुळें सिद्धांताच्या पदवीस पोहोंचलेलें आहे. परंतु तें पुराव्यास उतरतें किंवा नाहीं, ह्याची छाननी करणारे थोडे. ती यथाशक्ति करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा व्यवसाय जुन्या पोथ्या, सनदा व शकावल्या यांशीं. त्यांस नील नदीच्या तीरावरील नव्या चित्रांशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचें उत्तर असें कीं, वाद दिसावयास चित्रांचा असला तरी मुळांत तो वंशावळीचा आहे. एखादें घराणें आपली परंपरा कोणत्या मूळपुरुषापर्यंत नेऊन भिडवितें, मधल्या पिढ्या कां गाळतें, आणि गाळलेल्या पिढ्यांचा पुरावा कोठें सांपडतो, हे प्रश्न आपणांस नित्याचेच आहेत. एक गोष्ट मात्र आधींच सांगून ठेवितों. ज्या कृतींविषयीं आम्ही लिहीत आहों त्या आम्हीं छापील प्रतिकृतींवरून पाहिल्या आहेत. मूळ पोथी हातीं नसतां प्रतीवरून पाठ ठरविणारानें जी मर्यादा पाळावयाची तीच आम्हीं पाळली असून रंगांच्या सूक्ष्म छटांविषयीं मत दिलेलें नाहीं.

वरील विधानाचा मूळ लेख कागदावर नसून दगडावर आहे. महमूद मुख्तार (१८९१–१९३४) हा नीलेच्या मुखप्रदेशांतील एका खेड्यांत जन्मलेला मूर्तिकार. पॅरिस येथें असतां त्यानें 'नहदत मिस्र' म्हणजे 'मिसरचें उत्थान' ह्या शिल्पाचा लहान नमुना तयार केला व तो १९२० सालीं तेथील वार्षिक प्रदर्शनांत मांडला. स्फिंक्स, म्हणजे मनुष्यमुखी सिंह, पुढचे पाय रोवून उठूं लागला आहे. शेजारीं एक शेतकरी स्त्री उभी असून तिचा एक हात त्याच्या मस्तकावर आहे व दुसऱ्या हातानें ती आपल्या तोंडावरील वस्त्र दूर सारीत आहे. इंग्रजांच्या अमलाविरुद्ध १९१९ सालीं झालेल्या उठावानें देश पेटलेला होता. साद झगलूल यांचें शिष्टमंडळ त्या सुमारास पॅरिसमध्यें होतें. त्यांतील मंडळींनीं तो नमुना पाहिला, स्वदेशीं वृत्तपत्रानें वर्गणीची हाक दिली, आणि गरीब खेडुतांनींहि आपले पैसे पाठविले. आस्वानच्या तांबूस ग्रॅनाइटांत कोरलेलें मोठें शिल्प २० मे १९२८ रोजीं कैरोच्या रेल्वे स्थानकासमोरील चौकांत उघडें करण्यांत आलें.

येथें कालनिर्णयाचा एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. हॉवर्ड कार्टर यास तुतनखामेनचें थडगें सांपडलें तें १९२२ च्या नोव्हेंबरांत. त्या शोधाच्या लाटेवर हें शिल्प जन्मलें असें कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु नमुना त्यापूर्वी दोन वर्षांचा असल्यामुळें तो तर्क टिकत नाहीं. हुदा शारावी यांनीं १९२३ सालीं कैरोच्या स्थानकांत तोंडावरील बुरखा दूर केला, त्या प्रसंगाचें हें चित्रण आहे असेंहि त्याच कारणास्तव म्हणतां येत नाहीं. शिल्पाची प्रेरणा उत्खननांत नसून १९१९ च्या चळवळींत होती, हें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

आतां निद्रेचा पुरावा पाहूं. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या तीन शतकांत फय्यूम प्रांतांत मृतांच्या मुखावर ठेवण्यासाठीं लाकडी फळ्यांवर जीं व्यक्तिचित्रें काढलीं, तीं आजहि टक्क उघड्या डोळ्यांनीं आपणांकडे पाहत आहेत. त्या काळच्या कलेस निद्रिस्त म्हणणें धाडसाचें आहे. त्यानंतर कॉप्ट ख्रिस्ती लोकांचीं विणलेलीं वस्त्रें व मठांच्या भिंतींवरील चित्रें आलीं. फातिमी राजवटीचें लाकडावरील कोरीव काम आलें. मामलूक सुलतानांच्या मशिदींसाठीं घडविलेले मीनाकामाचे कांचेचे दिवे आणि सोन्यानें नटविलेल्या कुराणाच्या पोथ्या आल्या. मिसर व सीरिया यांवर राज्य करणाऱ्या ह्याच मामलूकांच्या अमलांत १३५४ सालीं लिहिलेली 'कलीला व दिम्ना' ह्या ग्रंथाची एक सचित्र प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. हा ग्रंथ म्हणजे आपल्या पंचतंत्रांतील करटक व दमनक यांचाच पहलवीमार्गें अरबींत गेलेला अवतार, हें वाचकांस विदितच आहे. तात्पर्य, मधल्या पिढ्या निपुत्रिक नव्हत्या. वंशावळ लिहिणारांनीं त्या गाळल्या.

मग विसाव्या शतकांत जें नवें आलें तें कोठून आलें? १७९८ सालीं नेपोलियनच्या सैन्याबरोबर विद्वान व चित्रकार कैरोंत उतरले. अब्दुर्रहमान अल् जबर्ती हा त्या काळचा बखरकार. त्यानें फ्रेंचांच्या विद्वत्सभेस भेट दिली, आणि तेथील रिगो नांवाच्या चिताऱ्यानें काढलेलीं शेखांचीं चित्रें अंग धरून पुढें आल्यासारखीं व आतां बोलतील अशीं भासतात, ही हकीकत आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविली. परक्या चित्राकडे पाहणाऱ्या एतद्देशीय डोळ्यांची अशी समकालीन नोंद मिळणें हें संशोधकाचें भाग्यच होय. पुढें सुमारें एका शतकानें मुफ्ती मुहंमद अब्दुह यांनीं सिसिलीच्या प्रवासाविषयीं लिहितांना चित्रें व मूर्ति यांचा कैवार घेतला. अरबांनीं ज्या आस्थेनें जुनीं काव्यें जतन केलीं त्याच आस्थेनें युरोपीय लोक चित्रें जतन करितात. चित्र हें ज्ञानरक्षणाचें साधन आहे. मूर्तिपूजेचें जुनें भय आतां उरलेलें नाहीं. असा त्यांचा युक्तिवाद होता. भूमि अशी तयार झाल्यावर १९०८ सालीं राजपुत्र युसुफ कमाल यांनीं स्वतःच्या खर्चानें कैरोंत ललितकलांची विनामूल्य शाळा काढली. तिचा पहिला मुख्य फ्रेंच मूर्तिकार गियोम लाप्लान्य हा होता व अध्यापक युरोपीय होते. मुख्तार, रागिब अय्याद व युसुफ कामिल हे तिचे आरंभींचे विद्यार्थी.

मनुस्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'स्वयंदत्त' म्हणून एक आहे. ज्यास आईबाप नाहींत, किंवा ज्यास त्यांनीं कारणावांचून टाकिलें, असा मुलगा आपण होऊन दुसऱ्याच्या पदरीं जातो, तो स्वयंदत्त. बारांपैकीं पहिले सहा दायादहि व बांधवहि. शेवटचे सहा बांधव खरे, परंतु दायाद नव्हेत. आणि स्वयंदत्ताची गणना शेवटच्या सहांत केलेली आहे. आमच्या मतें १९०८ नंतरच्या मिसरी कलेचें नेमकें हेंच स्थान आहे. तिचें शिक्षण परक्या गुरूंच्या घरीं झालें. त्यांनीं तिला हात दिला पण कूळ दिलें नाहीं. तेव्हां ती आपण होऊन फेरोंच्या पदरीं गेली. हें नातें खोटें नव्हे. नदी तीच, भूमि तीच, आस्वानचा दगडहि तोच. परंतु नात्यानें दाय मिळत नाहीं, तो कष्टानें मिळवावा लागतो. स्वयंदत्त असण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. दोष आहे तो वंशावळींत 'औरस' असें लिहिण्यांत.

ह्या दृष्टीनें 'मिसरचें उत्थान' ह्या शिल्पाकडे पाहतां त्याचें गुणदोष स्पष्ट होतात. दगड मोठा, रचना भक्कम, आणि दुरून पाहणारास क्षणांत उमगेल असा आशय. पण तो आशय शब्दांत सांगून संपतो. प्राणी म्हणजे गतवैभव, स्त्री म्हणजे वर्तमान, एक उठतो व दुसरी तोंड उघडते. इतकें सांगितल्यावर शिल्पांत पाहावयाचें फारसें उरत नाहीं. तें एक घोषवाक्य आहे, उत्तम अक्षरांत कोरलेलें. ह्याच मुख्तारची 'खमासीन' ही लहान मूर्ति पाहावी. वाळवंटांतून येणाऱ्या उष्ण वाऱ्याविरुद्ध एक स्त्री पुढें वांकून चालली आहे. अंगावरील वस्त्र वाऱ्यानें मागें ओढलें गेलें आहे. आणि वस्त्राच्या मोठ्या सलग पृष्ठांवर प्राचीन मूर्तिकारांचा संयम आपोआप उतरला आहे. येथें फेरोचें नांव कोठेंहि नाहीं, आणि म्हणूनच त्याचा थोडासा दाय हातीं आला आहे. दैवाचा खेळ असा कीं, १९५५ सालीं 'उत्थाना'चें शिल्प त्या चौकांतून हलवून कैरो विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीं नेण्यांत आलें आणि त्याच्या जागीं खुद्द दुसऱ्या रामेसीस राजाचा प्राचीन पुतळा आणून उभा केला. पुढें २००६ सालीं तोहि तेथून काढण्यांत आला. आतां तो गीझा येथील नव्या भव्य संग्रहालयांत आहे.

चित्रकारांत हाच दावा मोहंमद नागी (१८८८–१९५६) यांनीं मांडला. तो कायदा शिकलेला, फ्लॉरेन्समध्यें चित्रकलेचा अभ्यास केलेला गृहस्थ. त्याचें मोठें चित्र मिसरच्या वरिष्ठ विधिमंडळांत लागलें. त्यांत इसिस देवीची मिरवणूक निघाली असून तिच्या रथास म्हशी जुंपल्या आहेत. म्हशी जिवंत आहेत, देवी मात्र कागदी. महमूद सईद (१८९७–१९६४) याची गोष्ट निराळी. अलेक्झांड्रियाच्या मातबर घराण्यांतला हा न्यायाधीश १९४७ सालीं नोकरी सोडून केवळ चित्रकार झाला. त्याच्या १९३७ च्या 'शहर' ह्या विशाल चित्रांत काळीं वस्त्रें पांघरलेल्या तीन स्त्रिया मध्यभागीं चालल्या आहेत. मागें पाणी, नावा, गाढवावरून जाणारा मनुष्य, सरबत विकणारा. देह घडीव दगडासारखे भरीव आहेत, आणि तरी त्या बंदराच्या वस्तींतल्याच स्त्रिया आहेत. रागिब अय्याद (१८९२–१९८२) यानें बाजार, नांगरणी, कॉफीचीं दुकानें हे विषय घेतले व माणसांच्या ओळी एकीवर एक अशा रचिल्या. थडग्यांच्या भिंतींवरील प्राचीन मांडणी त्यानें विषय म्हणून न घेतां रीति म्हणून घेतली.

अय्यादविषयीं एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. तो व युसुफ कामिल दोघेहि शाळामास्तर. परदेशीं जाऊन शिकण्यास पैसा नाहीं. तेव्हां दोघांनीं करार केला कीं, एकानें रोमला जावें, दुसऱ्यानें मागें राहून दोघांचेंहि शिकविण्याचें काम करावें व मित्राचें वेतन त्यास पाठवावें. पुढें पाळी उलटावी. हा करार दोघांनींहि पाळला. ज्यांचें आयुष्य फळ्यापुढें गेलें त्या आम्हांस ही हकीकत वाचून गहिंवर आला, हें लपवीत नाहीं. मिसरच्या नव्या कलेचे औरस पूर्वज शोधावयाचे असतील तर ते पिरॅमिडांत न शोधतां शाळांच्या हजेरीपटांत शोधावे, असें आम्हांस वाटूं लागलें तें येथपासून.

ह्या वंशावळीवर पहिला उघड हल्ला घरांतूनच झाला. नाझी सरकारनें १९३७ सालीं म्युनिक येथें नव्या कलेस 'अधःपतित' ठरविणारें प्रदर्शन भरविलें होतें. त्यास उत्तर म्हणून २२ डिसेंबर १९३८ रोजीं कैरोंत 'अधःपतित कला चिरायु होवो' अशा मथळ्याचें पत्रक निघालें. त्यामागील जॉर्ज हेनेन, रामसेस युनान, कामिल अल् तिलमिसानी, फुआद कामिल आदि तरुणांनीं 'कला व स्वातंत्र्य' ह्या नांवाचें मंडळ स्थापिलें आणि कलेस राष्ट्राच्या कुंपणांत कोंडण्यास विरोध केला. तुमचा अतिवास्तववाद फ्रान्सहून उसना आणलेला, असा आक्षेप आला तेव्हां तिलमिसानीनें दिलेलें उत्तर मननीय आहे. जत्रेंत विकली जाणारी चार हातांची साखरेची बाहुली, कळसूत्री बाहुल्या, आजीच्या तोंडच्या अद्भुत गोष्टी, ह्यांत जें आहे तेंच आम्ही करितों, असा त्याचा आशय होता. मधल्या गाळलेल्या पिढ्यांकडे प्रथम बोट दाखविलें तें असें, परकीय म्हणून हिणविलेल्या ह्या मंडळींनीं.

तें बोट धरून पुढें जाणारा पुन्हां एक शाळामास्तरच निघाला. हुसेन युसुफ अमीन या चित्रकलाशिक्षकानें १९४६ सालीं आपल्या शिष्यांस घेऊन 'समकालीन कला मंडळ' काढलें. त्यांत अब्दुल हादी अल् गझार (१९२५–१९६६) व हामिद नदा (१९२४–१९९०) हे प्रमुख. गझार कैरोच्या सय्यिदा झैनब वस्तींत वाढला. पिरांचे उरूस, ताईत, गंडेदोरे, शकुनाचे आंकडे, वेडे व फकीर हें त्याच्या चित्रांचें द्रव्य. १९५१ चा त्याचा 'हिरवा वेडा' पाहणारास क्षणभर भय वाटतें. त्या हिरव्या मुखावरील शांतपणा ना प्रेतांचा, ना संतांचा, आणि तरी दोहोंशीं नातें सांगणारा आहे. ह्याच गझारनें रिकाम्या ताटल्या पुढें ठेवून रांगेनें उभ्या असलेल्या गरीब माणसांचें चित्र काढलें व तें प्रदर्शनांत लागलें. परिणाम असा झाला कीं, १९४९ सालीं त्यास व त्याच्या गुरूस अटक झाली. सईद व नागी यांनीं रदबदली केली तेव्हां सुटका झाली.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. १९२८ सालीं शेतकरी स्त्रीस ग्रॅनाइटांत उभी करून राजा व प्रधान यांसमक्ष तिचा गौरव झाला. एकवीस वर्षांनीं तिच्याच वर्गांतील माणसांच्या पुढें रिकामी ताटली काढणारा चितारी कोठडींत गेला. खोट्या वंशावळीचा उपद्रव तो हाच. मूळपुरुष जितका थोर ठरवावा तितका जिवंत वंशज लाजिरवाणा वाटूं लागतो, आणि त्याचें खरें रूप दाखविणारा घराण्याचा वैरी ठरतो.

शेवटचें उदाहरण गीझाजवळील हर्रानिया ह्या खेड्याचें. मुख्तारच्या शिल्पासाठीं झटणाऱ्या पुढाऱ्यांत वीसा वासेफ हे एक होते. त्यांचा पुत्र रामसेस वीसा वासेफ (१९११–१९७४) हा स्थापत्यकार; १९६२ सालीं उघडलेलें मुख्तारचें संग्रहालय त्याच्याच आराखड्यावरून झालें. त्याचे श्वशुर हबीब गोर्गी हे कलाशिक्षक असून त्यांनीं खेड्यांतील मुलांच्या हातीं माती देऊन मूर्ति करविण्याचा प्रयोग केलेला होता. जांवयानें १९५० नंतर हर्रानियांत मुलांच्या हातीं माग दिला. नियम तीन: आधीं आराखडा काढावयाचा नाहीं, कोणाची नक्कल करावयाची नाहीं, आणि वडील माणसांनीं टीका करावयाची नाहीं. मंजिष्ठ व नीळ अशा वनस्पतींच्या रंगांत लोंकर रंगवावयाची व चित्र थेट ताण्याबाण्यांतच वाढवावयाचें. पिरॅमिड तेथून दूर नाहींत. परंतु मुलांनीं विणलीं तीं खजुराचीं झाडें, बदकें, कबुतरखाने, कालव्यांचे कांठ. विणलेली ओळ चितारी पुसतो तशी पुसतां येत नाहीं, म्हणून प्रत्येक पानाफुलांत निर्णयाची धिटाई दिसते. विणणें त्या मुलांस रामसेसनेंच शिकविलें, तेव्हां येथें कॉप्ट विणकरांची परंपरा अखंड चालत आली असें आम्ही म्हणत नाहीं. पण तसा दावा तेथें कोणी केलाहि नाहीं. काम हातांतून हातांत गेलें, दुसरी पिढी मागावर बसली, आणि १९८३ सालीं त्या केंद्राच्या वास्तूस आगाखान पारितोषिक मिळालें.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, १८८२ पासून परकीय सैन्याच्या टाचेखालीं असलेल्या राष्ट्रास पूर्वजांचा आधार हवा होता. त्याजपाशीं पुरावा मागणें निर्दयपणाचें आहे. आक्षेप वजनदार आहे व तो आम्ही टाळीत नाहीं. परंतु दस्तऐवजांच्या परीक्षेंत आपण एक नियम पाळतों. बनावट सनद ही ज्या काळची म्हणून मिरवते त्या काळचा पुरावा नसते. तथापि ज्या काळीं ती बनली त्या काळच्या आशाआकांक्षांचा ती अस्सल पुरावा असते. 'मिसरचें उत्थान' हें रामेसीसच्या परंपरेचें प्रमाण म्हणून आम्हीं अमान्य करितों. १९१९ च्या लोकांनीं आपलीं नाणीं देऊन काय मागितलें ह्याचें प्रमाण म्हणून तें शिरोधार्य मानतों. दोन्ही निकाल एकाच दप्तरांत राहूं शकतात.

आमच्याहि दप्तरांत मूळपुरुषापर्यंत एका उडीनें जाणाऱ्या वंशावळी थोड्या नाहींत. त्या तपासतांना मधल्या पिढ्यांची नांवें कोणीं खोडलीं व कां खोडलीं, एवढें टिपून ठेवण्याची संवय लागावी, इतकाच ह्या परदेशच्या उदाहरणाचा उपयोग. ह्या विषयांतील जाणत्यांनीं आमच्या चुका दाखविल्यास त्या आम्ही आनंदानें दुरुस्त करूं.